परदेशात मास्टर्ससाठी स्कॉलरशिप: यादी करण्यापासून निकाल लागेपर्यंत

पहिल्या वर्षी मी सात स्कॉलरशिपना अर्ज केले आणि सातही ठिकाणांहून नकार आला. नंतर ते सगळे अर्ज समोर ठेवून वाचले तेव्हा कारण स्वच्छ दिसलं. सातही ठिकाणी निबंध एकच होता, फक्त देशाचं आणि विद्यापीठाचं नाव बदललेलं. दुसऱ्या वर्षी मी तीनच अर्ज केले. दोन ठिकाणी मुलाखतीला बोलावलं आणि एक स्कॉलरशिप मिळाली. मधल्या वर्षात माझे गुण वाढले नव्हते, इंग्रजी सुधारलं नव्हतं. पैसे देणारा ते का देतो आहे, हे आधी समजून घेऊन मग लिहायला बसायचं, एवढंच मी शिकले होते. त्यानंतर अनेकांचे अर्ज वाचून दिले आणि जवळजवळ प्रत्येक फसलेल्या अर्जात हीच उणीव दिसली. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

पैसा कुणाचा आणि कशासाठी

स्कॉलरशिप म्हणजे हुशारीचं बक्षीस, असं आपण शाळेपासून धरून चालतो. मास्टर्सच्या मोठ्या स्कॉलरशिप तशा नसतात. प्रत्येकीमागे एखादं सरकार, विद्यापीठ किंवा देणगीदार असतो आणि त्याचा ठरलेला हेतू असतो.

चीव्हनिंग ही ब्रिटिश सरकारची योजना १९८३ पासून चालू आहे. पुढे आपापल्या देशात निर्णय घेण्याच्या जागी पोहोचतील अशा लोकांशी ब्रिटनचं नातं जोडणं हा तिचा उद्देश. म्हणून त्यांचे प्रश्न नेतृत्व, ओळखी आणि संबंध जोडण्याची क्षमता, ब्रिटनमध्येच का शिकायचं आणि पुढची कामाची दिशा काय, याभोवती फिरतात. कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. फुलब्राइट १९४६ साली सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांच्या पुढाकाराने सुरू झाली. दोन देशांतल्या लोकांनी एकमेकांना समजून घ्यावं, हा तिचा गाभा. तिथे तुम्ही अमेरिकेत जाऊन काय शिकाल याइतकंच तुम्ही तिथल्या लोकांना काय द्याल हेही पाहिलं जातं. जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीच्या व्हिसावर जावं लागतं आणि त्यालाही दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट जोडलेली असते.

परदेशी विद्यार्थ्यांना स्कॉलरशिप देणारी जर्मनीची डाड (DAAD) ही संस्था १९२५ सालची. तिच्या अनेक योजनांपैकी इपॉस (EPOS) ही विकसनशील देशांतल्या नोकरदार पदवीधरांसाठी आहे. तिला साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. कॉमनवेल्थ स्कॉलरशिप १९५९ पासून आहेत आणि तिथे तुमच्या शिक्षणाचा तुमच्या देशाच्या विकासाला नेमका काय उपयोग, हा प्रश्न मध्यवर्ती असतो. युरोपियन युनियनच्या इरॅस्मस मुंडसचा रोख वेगळा. वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठं मिळून एक अभ्यासक्रम चालवतात, विद्यार्थी किमान दोन देशांत शिकतो आणि निवड त्या अभ्यासक्रमाचे प्राध्यापकच करतात. साहजिकच तिथे विषयाची तयारी आणि त्या अभ्यासक्रमाशी जुळणारी दिशा जास्त मोलाची ठरते. मिळणारी रक्कम महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने.

ऑक्सफर्डची ऱ्होड्स स्कॉलरशिप सेसिल ऱ्होड्सच्या मृत्युपत्रातून १९०२ नंतर सुरू झाली. गेट्स फाउंडेशनने २००० साली केंब्रिजला दिलेल्या २१ कोटी डॉलरच्या देणगीतून गेट्स केंब्रिज उभी राहिली. गेट्स केंब्रिज आपले चार निकष उघडपणे सांगते: उत्तम बौद्धिक क्षमता, हाच अभ्यासक्रम निवडण्याची कारणं, इतरांचं आयुष्य सुधारण्याची बांधिलकी आणि नेतृत्वाची क्षमता. हे निकष एका कागदावर लिहून समोर ठेवा आणि स्वतःचा अर्ज वाचताना प्रत्येक वाक्य यांपैकी कशाला उत्तर देतं ते बघा. ज्या वाक्याला खूण करता येत नाही ते काढून टाका. हा व्यायाम कुठल्याही स्कॉलरशिपसाठी चालतो.

एकच माणूस या सगळीकडे वेगवेगळं लिहील आणि कुठेही खोटं लिहिणार नाही. चीव्हनिंगला तो आपण माणसं कशी जोडली ते सांगेल, इरॅस्मस मुंडसला पदवीच्या प्रकल्पात कुठे अडलो ते सांगेल.

पैसे मिळण्याच्या वाटा

पहिली वाट म्हणजे स्कॉलरशिप देणाऱ्या संस्थेकडे वेगळा अर्ज आणि विद्यापीठाकडे वेगळा. चीव्हनिंग अशी आहे. यात फसगत होते ती अशी: स्कॉलरशिपच्या मुलाखतीची तयारी करण्याच्या नादात विद्यापीठाचा प्रवेशअर्ज मागे पडतो, ठरलेल्या तारखेपर्यंत अनकंडिशनल ऑफर, म्हणजे कुठलीही अट न उरलेला पक्का प्रवेश, हातात येत नाही आणि मिळालेली स्कॉलरशिप जाते. दोन्ही कामं एकाच वेळी चालू ठेवावी लागतात. स्वीडिश इन्स्टिट्यूट या स्वीडनच्या सरकारी संस्थेच्या स्कॉलरशिपसाठी क्रम ठरलेला आहे: आधी जानेवारीच्या मध्यापर्यंत विद्यापीठ प्रवेशाचा अर्ज, मग फेब्रुवारीत स्कॉलरशिपचा. जानेवारी चुकला तर फेब्रुवारीला काही अर्थ नाही.

दुसरी वाट विद्यापीठातून जाते. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडनसाठी वेगळा अर्जच नसतो. डिसेंबर-जानेवारीतल्या ठरलेल्या तारखेच्या आत प्रवेशअर्ज केला की तुमचा विचार आपोआप होतो. फ्रान्सच्या आयफेल स्कॉलरशिपला विद्यार्थ्याला थेट अर्ज करताच येत नाही, तिथली शिक्षणसंस्था तुमचं नाव पाठवते. म्हणजे संस्थेला बरंच आधी ईमेल करून विचारावं लागतं. इरॅस्मस मुंडसमध्ये प्रवेश आणि स्कॉलरशिप यांचा अर्ज एकच असतो, तर इपॉसचा अर्ज थेट त्या त्या अभ्यासक्रमाकडे पाठवायचा असतो. जपान सरकारच्या मेक्स्ट (MEXT) स्कॉलरशिपला दूतावासामार्फत आणि विद्यापीठामार्फत असे दोन रस्ते आहेत.

तिसऱ्या वाटेकडे लोक दुर्लक्ष करतात, कारण तिच्या नावात स्कॉलरशिप हा शब्द नाही. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत मास्टर्सच्या अनेक अभ्यासक्रमांना शिक्षणशुल्क नसतं. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, हा एक अपवाद लक्षात ठेवा. राहण्याखाण्याची सोय मात्र दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून व्हिसासाठीच्या ब्लॉक्ड अकाउंटमधली (आधी पैसे भरून ठेवायचे आणि तिथे गेल्यावर दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असं खातं) रक्कम वर्षाला ११,९०४ युरो झाली आहे. नॉर्वे बराच काळ सगळ्यांना मोफत होता, पण २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क आहे, त्यामुळे जुने लेख वाचून बेत आखू नका. अमेरिकेत टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप, म्हणजे विभागात शिकवण्याला किंवा संशोधनाला मदत करण्याचं काम, मिळाली तर शुल्कात सूट आणि महिन्याला मानधन मिळू शकतं. पीएचडीला हे सर्रास असतं, मास्टर्सला विभागानुसार बदलतं. विभागाच्या समन्वयकाला थेट विचारा की मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना असिस्टंटशिप मिळते का आणि मागच्या वर्षी किती जणांना मिळाली. या प्रश्नाने कुणी रागावत नाही.

किती आधी सुरुवात

सप्टेंबरमध्ये वर्गात बसायचं असेल तर आदल्या वर्षीचा मार्च-एप्रिल ही सुरुवातीची वेळ. दीड वर्ष. हे ऐकून अनेकांचा विश्वास बसत नाही, म्हणून उलटं मोजून दाखवते. चीव्हनिंगचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास बंद होतात. इरॅस्मस मुंडसचे बहुतेक अभ्यासक्रम ऑक्टोबर ते जानेवारी अर्ज घेतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या निधीसाठीच्या तारखा डिसेंबर-जानेवारीत येतात. फुलब्राइटची तारीख देशागणिक वेगळी असते आणि ती अनेकदा शिक्षण सुरू होण्याच्या वर्षभराहून आधीची असते. म्हणजे ऑगस्टपर्यंत कागदपत्रं हातात आणि निबंधांचा पहिला खर्डा तयार हवा.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त वेळ खाते ती ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या विषयांची आणि गुणांची अधिकृत नोंद. विद्यापीठांच्या परीक्षा विभागातून ती यायला कित्येक आठवडे लागतात आणि नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक निघाली तर तेवढेच पुन्हा. पासपोर्ट, पदवी आणि ट्रान्स्क्रिप्ट यांवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, हे आजच तपासा. आयल्ट्स आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षं चालतात, काही अभ्यासक्रमांना लागणाऱ्या जीआरई या प्रवेशपरीक्षेचे पाच वर्षं. इंग्रजीची परीक्षा जून-जुलैमध्ये देऊन टाका. कमी गुण पडले तर पुन्हा द्यायला वेळ राहतो आणि पुढचे महिने निबंधांना मिळतात. परीक्षा द्यायच्या आधी मात्र खात्री करा की तुम्हाला ती लागतेच. काही विद्यापीठं इंग्रजी माध्यमातून पदवी झाल्याचं प्रमाणपत्र स्वीकारतात.

यादी आणि पात्रता

एका स्प्रेडशीटमध्ये स्कॉलरशिपचं नाव, हेतू, पात्रतेच्या अटी, शेवटची तारीख, त्या देशाच्या घड्याळाप्रमाणे वेळ, लागणारी शिफारसपत्रं आणि परत येण्याची अट लिहा. पहिल्या यादीत वीस नावं आली तरी चालतील, पण पात्रता नीट वाचल्यावर सात-आठ उरतात. त्यातल्या पाचांच्या वर अर्ज करू नका, असं माझं ठाम मत आहे. मन लावून केलेल्या एका अर्जाला माझे साठ-सत्तर तास गेले. नोकरी किंवा शिक्षण सांभाळून एवढे तास किती वेळा काढता येतील, हे ज्याचं त्याने मोजावं.

पात्रतेच्या अटी वाचताना ‘आपल्याला जमणार नाही’ असं घाईने ठरवू नका. चीव्हनिंगचा दोन वर्षांचा अनुभव तासांत मोजतात, २,८०० तास, आणि त्यात अर्धवेळ काम, इंटर्नशिप, स्वयंसेवी काम हेही धरलं जातं. स्वीडिश इन्स्टिट्यूटला ३,००० तास लागतात. असं काम लोक मोजतच नाहीत आणि पात्र असून अर्ज करत नाहीत. उलट जी अट पक्की आहे, उदाहरणार्थ डाडची सहा वर्षांची मर्यादा, तिथे विनंतीपत्रं लिहिण्यात वेळ घालवू नका.

गुण कमी असतील तर? ऱ्होड्स, गेट्स केंब्रिज, क्लॅरेंडन यांच्याकडे गुणांची गाळणी फार बारीक असते, तिथे आशा कमीच. पण जिथे कामाच्या अनुभवाला वजन आहे तिथे मध्यम गुणांची माणसं निवडली गेलेली मी पाहिली आहेत. एखाद्या वर्षी गुण घसरण्यामागे आजारपण किंवा घरची जबाबदारी असेल तर ते दोन वाक्यांत, तक्रारीचा सूर न लावता सांगा, आणि त्यानंतरच्या वर्षांचे गुण पुढे ठेवा.

निबंध

खरी निवड इथे होते. परीक्षक शेकडो अर्ज वाचतो, आणि बहुतेकांची सुरुवात अशी असते:

‘लहानपणापासूनच मला समाजासाठी काहीतरी करण्याची तीव्र इच्छा होती. आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन मला माझ्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेत आमूलाग्र बदल घडवायचा आहे.’

यातलं कुठलंही वाक्य खोटं नसेल, पण ते कुणाचंही असू शकतं. आता हाच अर्जदार असं लिहितो, असं समजा:

‘मी ज्या रुग्णालयात काम करत होते तिथे क्षयरोगाचे बरेच रुग्ण तिसऱ्या महिन्यात यायचे बंद होत. मी नोंदवह्या घेऊन बसले आणि न आलेल्यांच्या घरी गेले. औषधांचा तुटवडा नव्हता. बरं वाटू लागल्यावर कामाचा दिवस बुडवून रांगेत उभं राहणं त्यांना परवडत नव्हतं. वरिष्ठांना तयार करून आम्ही आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी औषधाची खिडकी उघडी ठेवली. सहा महिन्यांत औषध अर्धवट सोडणारे बावीसवरून नऊवर आले. हा फरक खिडकीमुळेच पडला की घरी जाऊन बोलल्यामुळे, हे तपासायची पद्धत मला येत नाही. ती शिकल्याशिवाय हाच उपाय दुसऱ्या रुग्णालयांना सुचवणं मला बरोबर वाटत नाही.’

यात नेतृत्व हा शब्द नाही, पण वरिष्ठांना तयार करणारी मुलगी दिसते. आकडे छोटे आहेत, म्हणून पटतात. सगळ्यात महत्त्वाची शेवटची दोन वाक्यं. आपल्याला काय येत नाही हे सांगायला अर्जदार घाबरतात आणि तिथेच चुकतात, कारण सगळं येत असेल तर मास्टर्स कशाला हवं? ‘मला इथपर्यंत येतं, इथे अडतं आणि तुमच्या अभ्यासक्रमातला हा विषय ती अडचण सोडवतो’, ही साखळी जुळली की निबंधाचा कणा तयार होतो. त्यासाठी अभ्यासक्रमातले विषय एकेक उघडून वाचावे लागतात. विद्यापीठाचा क्रमांक आणि जुना लौकिक यांची स्तुती करण्यात शब्द घालवू नका, ते त्यांना माहीत आहे.

पुढच्या योजनेतही तोच नेमकेपणा ठेवा. परतल्यावर पहिल्या दोन वर्षांत कुठल्या प्रकारच्या संस्थेत, कुठल्या पदावर, कशावर काम करणार ते लिहा, आणि दहा वर्षांनंतरचं एखादं मोठं उद्दिष्ट त्याला जोडा. पहिली पायरी पटली तर दूरची पायरीही पटते.

लिहिण्याची माझी पद्धत सांगते. आधी आयुष्यातले दहा-बारा प्रसंग प्रत्येकी चार ओळींत लिहून काढा, ज्या भाषेत विचार येतो त्या भाषेत. मग स्कॉलरशिपच्या प्रश्नाला लागू पडणारे एक-दोन निवडा. एका निबंधात पाच यशं कोंबण्यापेक्षा एक प्रसंग पुरता सांगा. पहिला खर्डा आठवडाभर बाजूला ठेवा. मग दोघांना वाचायला द्या: एक तुमच्या विषयातला आणि एक विषयाबाहेरचा. विषयाबाहेरच्याला वाचून झाल्यावर विचारा, ‘मी काय करते आणि मला काय शिकायचंय, सांग.’ त्याला सांगता आलं नाही तर दोष निबंधाचा. एआयकडून पूर्ण निबंध लिहून घेऊ नका. अनेक योजनांच्या नियमांत ते बसत नाही, आणि तो मजकूर वर दिलेल्या पहिल्या नमुन्यासारखाच येतो, फक्त जास्त गुळगुळीत.

शिफारसपत्रं

मोठ्या पदावरच्या माणसाचं दोन ओळींचं कौतुक आणि तुमच्याबरोबर रोज काम केलेल्या माणसाचं तपशीलवार पत्र, यांत दुसरं कितीतरी वजनदार. कुलगुरूंची सही असलेलं, पण तुम्हाला ओळखत नसल्याचं ओळीओळीत दिसणारं पत्र नुकसानच करतं.

किमान सहा आठवडे आधी विचारा आणि विचारताना समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवा: ‘सर, माझ्या कामाबद्दल सविस्तर पत्र लिहिणं तुम्हाला जमेल का? वेळ नसेल तर मी समजू शकते.’ होकार आला की एका पानावर सगळं लिहून द्या: स्कॉलरशिपचे निकष, शेवटची तारीख, तुमचा निबंध आणि त्यांच्या देखरेखीखाली तुम्ही केलेल्या कामातले तीन ठळक प्रसंग. निबंधात आलेला प्रसंग त्यांनी त्यांच्या बाजूने सांगितला तर अर्ज एकदम भक्कम होतो.

‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ असं अनेकदा ऐकावं लागतं. मी तरी ते टाळायला सांगेन. त्यात प्रामाणिकपणाचा प्रश्न आहेच, शिवाय दोन पत्रं आणि निबंध एकाच हातचे असले की भाषेवरून लगेच कळतं. त्याऐवजी मुद्दे द्या आणि दहा मिनिटं भेटून बोला. आणखी एक साधी गोष्ट: पत्राची लिंक थेट त्यांच्या ईमेलवर जाते आणि कधीकधी स्पॅममध्ये पडते. संस्थेचा अधिकृत ईमेल पत्ता द्या, लिंक गेल्यावर फोन करा आणि तारखेच्या दहा दिवस आधी नम्रपणे आठवण द्या.

मुलाखत

मुलाखतीला बोलावलं म्हणजे कागदावर तुम्ही पटला आहात. आता लिहिलेलं तुमचंच आहे का आणि प्रश्न वाकडा आला तर तुम्ही कसा विचार करता, हे बघायचं असतं. स्वतःचा अर्ज घोकलेला नको, पण कुठे काय लिहिलंय ते लगेच आठवेल इतका ओळखीचा हवा. प्रत्येक दाव्याला ‘कशावरून?’ हा प्रश्न स्वतःच विचारून ठेवा. मोबाइलवर उत्तरं रेकॉर्ड करून ऐका, दोन मिनिटांच्या वर गेलेलं उत्तर कापा.

‘स्कॉलरशिप मिळाली नाही तर काय कराल?’ हा प्रश्न हमखास येतो. ‘मी खचून जाईन’ हे उत्तर नको आणि ‘काही फरक पडणार नाही’ हेही नको. काम चालूच राहील, पण अमुक गोष्ट शिकायला जास्त वर्षं लागतील, असं खरं ते सांगा. उत्तर माहीत नसेल तर तसं कबूल करा आणि ते कसं शोधाल ते बोला.

फसवणूक

स्कॉलरशिप ‘नक्की मिळवून देतो’ म्हणणारा कुणीही असो, त्याच्यापासून दूर राहा. विद्यापीठांचं प्रवेशअर्जाचं शुल्क ही खरी गोष्ट आहे, आणि अनेक ठिकाणी विनंती केल्यावर ते माफही होतं. पण वर उल्लेख केलेल्या सरकारी योजना निवड झाल्यावर ‘प्रोसेसिंग फी’ मागत नाहीत. माहिती नेहमी योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावरून आणि चालू वर्षाचीच घ्या.

निकाल आल्यावर

होकार आला तर सही करण्याआधी पत्रातल्या चार गोष्टी बघा: विमानभाडं, आरोग्यविमा आणि व्हिसाचा खर्च त्यात आहे का, पहिला हप्ता कधी जमा होतो, नोकरी करायला परवानगी आहे का आणि परतीची अट मोडली तर पैसे परत करावे लागतात का. पहिला हप्ता तिथे पोहोचून बँक खातं उघडल्यावर मिळतो असं बऱ्याचदा होतं, त्यामुळे दीड-दोन महिन्यांच्या खर्चाची सोय स्वतःची हवी. बहुतेक स्कॉलरशिप पुढच्या वर्षावर ढकलता येत नाहीत. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार आर्थिक मदतीच्या ऑफरवर १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची सक्ती नसते, तेव्हा दुसऱ्या निकालाची वाट बघत असाल तर घाई करू नका. अर्धीच स्कॉलरशिप मिळाली असेल तर विभागाला लिहा, उरलेल्या रकमेचा नेमका आकडा सांगा आणि आणखी मदतीची शक्यता विचारा. वेटिंग लिस्टवर असाल तर मधल्या काळात झालेली नवी प्रगती एका छोट्या ईमेलने कळवा, त्यांनी मनाई केली नसेल तर.

नकार आला तर अभिप्राय मिळेल का ते विचारा. अनेक योजना देत नाहीत, पण काही विद्यापीठं देतात. मग तोच अर्ज महिनाभराने, राग शांत झाल्यावर, परीक्षकाच्या नजरेने वाचा. बहुतेक योजनांना पुन्हा अर्ज करता येतो, आणि मधल्या वर्षात तुमच्या कामात भर पडलेली असेल तर दुसरा अर्ज पहिल्यापेक्षा नक्कीच वजनदार होतो. निकाल कुठलाही असो, ज्यांनी शिफारसपत्रं लिहिली त्यांना त्याच आठवड्यात फोन करून कळवा. माझ्या सात नकारांनंतर मी फोन केला तेव्हा माझ्या एका प्राध्यापकांनी पुढच्या वर्षीचं पत्र स्वतःहून नव्याने लिहायची तयारी दाखवली, आणि त्याआधी तासभर बसून जुनं पत्र कुठे कमी पडलं ते माझ्याकडून समजून घेतलं.